हळदीच्या कॅप्सूल आणि इवायाचा राहिलेला मान

इवाई, मी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली, तिच्या जागी हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्या, आणि त्या कॅप्सूल रोज वाटीभर पातळ तुपासोबत घेतल्या. चरबी उतरावी म्हणून.

हे तुम्हाला ठाऊकच आहे, माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण तुम्ही गेल्यापासून भेटेल तो मला एकच विचारतो, की इवायाशी, मुलीच्या सासऱ्याशी, कोणाची एवढी गट्टी असते का. मुलीचा बाप व्याह्यापुढं हात जोडून उभा असतो, तुम्ही दोघं तर एका ताटात जेवायचे. मी 'स्वभाव जुळले' असं काहीतरी गुळमुळीत सांगून सुटका करून घेतो. स्वभाव कुठं जुळले होते? तुम्ही पाटबंधारे खात्यातले, पाणी मोजून सोडणारे. मी शाळेत कवायत शिकवणारा, आणि पुढंपुढं पोट असं वाढलं, की मी 'सावधान' म्हटलं की पोट्टे ओठ चावून हसू दाबायचे. जुळलं होतं ते वजन. माझ्या मीनलला बघायला तुम्ही अकोल्याहून अमरावतीला आलात, आपण दोघं एकाच सोफ्यावर बसलो आणि खालची पट्टी कडाडून मोडली. घरातले सगळे घाबरले. तुम्ही तिरपे झालात तसेच बसून राहिलात आणि म्हणालात, "सोयरीक पक्की समजा. आता उठणं होत नाही."

बोलणी करायला बसलो तेव्हा मात्र मी धास्तावलो होतो. मुलाकडच्यांचा मान म्हणजे काय असतं ते मी माझ्या बहिणींच्या लग्नांत पाहिलं होतं. इवायाचे पाय धुवा, फेटा बांधा, कापड करा, गादी टाका, आणि एवढं सगळं करून कोणाचा तरी मामा रुसतोच. तुम्ही चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणालात, "मले मानपान काही नको. मुलगी द्या अन् जेवाले वाढा." मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पण मांडवात तुम्ही खरंच साध्या शर्टात फिरत होतात. माझ्या चुलतभावानं तुम्हाला आचाऱ्याचा माणूस समजून पाणी आणायला पिटाळलं, आणि तुम्ही आणून दिलंत. तो बिचारा अजून मला तोंड दाखवत नाही.

'जेवाले वाढा' हे मात्र तुम्ही मनापासून म्हणाला होतात, आणि तिथं मी काही कमी पडू दिलं नाही. आपल्याकडं इवाई जेवायला बसला की तूप वाढायचं ते घरच्या बाईनं नाही, इवायानं स्वतःच्या हातानं. आणि खाणाऱ्यानं 'पुरे' म्हणायचं नाही. पुरे म्हटलं तर वाढणाऱ्याचा हात आखडता होता असा अर्थ निघतो. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला माझ्या मित्राच्या शेतात रोडग्यांचा कार्यक्रम झाला, तेव्हाचं आठवतं का? गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, आणि कुस्करलेल्या रोडग्यावर मी धरलेली तुपाची धार. तुम्ही ताटावर हात आडवा धरलात, तर मी हातावर ओतलं. तुम्ही हात चाटलात, उठलात, आणि माझ्या हातातलं भांडं घेऊन माझ्या ताटाशी येऊन उभे राहिलात. त्या दिवशी दोघांनाही बाजेवरून उठवायला माणसं लागली.

अशी माणसं डॉक्टरकडं जायचीच. तुम्हाला अकोल्याच्या डॉक्टरांनी वजन आणि खराब कोलेस्टेरॉल दोन्ही उतरवायला सांगितलं. माझं प्रकरण पुढं गेलेलं होतं. माझ्या छातीत एक स्टेंट बसला होता आणि रक्त पातळ करणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी अशी जोडी मागं लागली होती. कोलेस्टेरॉलच्या गोळीचा मला राग होता. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांना उठाबशा काढायला लावल्या, त्यानं रात्री जेवून निमूटपणे एवढीशी गोळी गिळायची, हे मानाला लागायचं. मग माझे पाय दुखायला लागले. पाय माझ्या वजनानं दुखत होते, पण मी ठरवलं की गोळीनं दुखतात. माणसानं एकदा असं ठरवलं की पुरावे चालत येतात. मला पुरावा म्हणून माझा जुना विद्यार्थी मिळाला. शाळेत तो पळण्यात नेहमी शेवटचा यायचा, आता हळदीच्या कॅप्सूल विकत होता. सर, हळदीचं सत्त्व आहे, सोबत मिऱ्याचा अर्क आहे, जाड माणसाच्या रक्तातली चरबी खरवडून काढते, असं त्यानं सांगितलं. जो पोरगा माझ्या शिट्टीवर कधी पळाला नाही, त्याच्या शब्दावर मी पळालो.

बाटलीसोबतच्या कागदावर लिहिलं होतं, की हळदीचं सत्त्व अंगी लागावं म्हणून कॅप्सूल स्निग्ध पदार्थासोबत घ्यावी. पुण्यातल्या माणसानं हे वाचलं असतं तर जेवणानंतर घेतली असती. मी वऱ्हाडातला. स्निग्ध म्हणजे तूप, आणि तूप म्हणजे वाटी. मी तो कागद सुमनला वाचून दाखवला. मास्तरकी मुरलेली बायको आहे ती, छापलेल्या शब्दापुढं तिचं काही चालत नाही. तिनं तूप कढवायला घेतलं.

लगेच तुम्हाला फोन केला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "हयद तं रोज वरणात पडतेच न, इवाई. तिले बाटलीत कोंबून काय नवीन होते?" तिथून आपला वाद सुरू झाला. मी म्हणायचो, वरणातली हळद म्हणजे पेरलेलं बियाणं, कॅप्सूल म्हणजे उभं पीक. तुम्ही म्हणायचे, पिकाचं राहू द्या, तूप कमी करा. तरी मी मीनलच्या हाती तुमच्यासाठी एक बाटली पाठवलीच. आणि तुम्ही घेतली. का घेतली हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, मी वाद जिंकला.

आंब्याच्या दिवसांत तुम्ही आणि कुसुमताई रसाच्या जेवणाला आलात. ताटाशेजारी सुमननं दोन वाट्या मांडल्या, दोन पिवळ्या कॅप्सूल ठेवल्या. मी एका घोटात वाटी रिकामी केली. तुम्ही कॅप्सूल पाण्यासोबत घेतली आणि तुपाची वाटी दोन बोटांनी हळूच माझ्याकडं सरकवली. इवायानं पुढं केलेल्या वाटीला नाही कसं म्हणायचं? मी तीही प्यायलो. माझा समज असा, की तुम्ही माझा मान राखला.

पावसाळ्यात रक्त तपासलं. मी मुद्दाम तपासलं, तुम्हाला आकडा दाखवून गप्प करायचं होतं. आकडा असा आला, की प्रयोगशाळेतल्या मुलीनं विचारलं, काका, उपाशी पोटी आला होता ना. मी पुन्हा रक्त द्यायला गेलो. दुसरा आकडा पहिल्याला साथ देत होता. तो कागद मी घरी नेलाच नाही. संध्याकाळी तुम्हाला फोन लावला आणि माझ्या स्वभावाप्रमाणे सगळा किस्सा रंगवून सांगितला. तूप, वाटी, प्रयोगशाळेतली मुलगी. तुम्ही पोट धरून हसत होतात. त्या हसण्याच्या भरात मी म्हणालो, अन् गंमत म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी तर मी कधीचीच बंद करून राहिलो. तुमचं हसणं थांबलं. तुम्ही विचारलं, "अन् छातीतल्या स्टेंटचं?" मी म्हणालो, त्याला हळद सांभाळून राहिली. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि फोन ठेवलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आमच्या दारात उभे होतात. एकटे. पहिल्या एसटीनं आला असणार. चेहरा घामानं डबडबलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. तुम्ही आत आलात, पण आतल्या खोलीत न येता दारालगतच्या लाकडी खुर्चीवर बसलात. सुमननं पाणी आणलं. तुम्ही तांब्याला हात लावला नाही.

"पाणी नको, इहीनबाई. लग्नात माहा मान राह्यला होता. तो घ्याले आलो."

मुलीचा सासरा घरी येऊन पाण्याला शिवत नाही, याचा अर्थ आमच्या घरातल्या भांड्यांनाही कळतो. सुमनचा चेहरा पांढरा पडला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मीनलचं काही चुकलं का, असं. मग ती धावत आत गेली आणि कपाट उघडून टॉवेल, टोपी, शर्टाचं कापड, नारळ, जे हाती लागलं ते ताटात घालून घेऊन आली. माझ्या हाती तांब्या देऊन तुमचे पाय धुवायला सांगितलं. मी खरंच वाकलो. पोट आड येत होतं तरी वाकलो. मनात म्हणत होतो, शेवटी हाही माणूस इतरांसारखाच निघाला.

तुम्ही पाय मागं घेतलेत.

"कपडा नको. यायले गोयी घ्याले सांगा. माह्यासमोर. तेवढाच माहा मान."

"कोणती गोळी?" सुमननं विचारलं.

मी पंख्याकडं पाहायला लागलो. पंखा बंद होता.

मग तुम्ही सांगितलंत. चढवून नाही, वाकडं बोलून नाही, पाणी किती सोडलं ते वरच्या साहेबाला सांगावं तसं सांगितलंत. सुमन ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी रोज रात्री पाण्याचा गिलास भरून देत होती न." एवढंच. तिनं भरलेला तो गिलास मी रोज तिच्या देखत प्यायचो, गोळी मात्र मुठीत राहायची. इवाई, मी पुष्कळ गाढवपणा केला आहे आणि त्याचे किस्से करून लोकांना हसवलं आहे, पण या एका गिलासाचा किस्सा मला अजून जमत नाही.

तरी मी वाद घातलाच. हळद शेकडो वर्षांपासून आहे, गोळी कालची, वगैरे. तुम्ही खिशातून तुमच्या स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट काढून खुर्चीच्या हातावर ठेवलंत. ते निम्मं संपलेलं होतं. "हयद मीबी खातो. तुमी देल्ली म्हणून खातो. पण गोयी खाऊन खातो. अन् माह्या डॉक्टरले विचारून."

"मग फोनवरच का नाही सांगितलं?" मी म्हणालो.

"तुमी माह्या सुनेचे बाप. तुमाले रागावलो असतो तं पोरीले लागलं असतं. पण मान मांगता येते. अन् मुलाच्या बापानं मान मांगतला का पोरीच्या बापाले नाही म्हणता येत नाही." मग सुमनकडं वळून म्हणालात, "म्हणून लग्नात तवा घेतला नाही, असं समजा."

मी गोळ्या आणायला गेलो. सुमनला संशय येऊ नये म्हणून दर महिन्याला औषधाच्या दुकानातून पाकिटं आणत होतो आणि जुन्या बुटांच्या खोक्यात साठवत होतो. ते खोकंच उचलून आणावं लागलं. तुम्ही आत डोकावून पाहिलंत आणि काही बोलला नाहीत, हे तुमचे उपकार. मी गोळी घेतली. तुम्ही माझा कंठ हलेपर्यंत पाहत राहिलात, मग सुमनकडं वळून म्हणालात, आता पाणी द्या. आणि सगळा तांब्या एका दमात रिकामा केलात. अकोल्यापासून तुम्ही थेंब घेतला नव्हता.

त्याच दिवशी तुम्ही मला डॉक्टरांकडं नेलंत. बाहेर थांबतो म्हणालात आणि आत येऊन बसलात, म्हणून मला खोटं बोलता आलं नाही. डॉक्टरांचं बोलणं मला वाटलं होतं त्याहून सौम्य होतं आणि म्हणून जास्त लागलं. हळद वाईट नाही, ते म्हणाले. काही जाड माणसांची खराब चरबी हळदीच्या सत्त्वानं थोडी उतरलेली दिसते, काहींची दिसत नाही, आणि जी उतरते ती गोळीची जागा घेण्याइतकी नसते. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत हे सत्त्व मोठ्या प्रमाणात घ्यायचं, तर आधी विचारायला हवं होतं, रक्तस्रावाची भीती असते. यकृतालाही ते कधीकधी बाधतं. माझ्या कॅप्सूल त्यांनी बंद केल्या. तूप किती घेता, असं विचारल्यावर मी हातानं वाटीचा आकार दाखवला. डॉक्टर तुमच्याकडं पाहायला लागले. तुम्ही मान खाली घातलीत, जणू वाटी तुमचीच होती.

तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की तुमचा फोन. "मान पोचला काय?" मी म्हणायचो, पोचतो आहे, आणि तुम्हाला ऐकू जावं म्हणून फोन तोंडाशी धरून पाण्याचा मोठा घोट घ्यायचो. मग आपला वाद. कारण तुमचं कोलेस्टेरॉल उतरलं होतं, आणि कशानं उतरलं हे काही ठरत नव्हतं. तुम्ही गोळी घेत होतात, मोर्णा नदीच्या पुलापर्यंत चालत होतात, तूप सोडलं होतं, आणि डॉक्टरांच्या परवानगीनं माझी कॅप्सूलही चालू होती. मी म्हणायचो, हळदीचा वाटा मान्य करा. तुम्ही म्हणायचे, गाडीले चार बैल लावले, त्यातल्या शेवटच्याचा वाटा कसा काढू. एकदा तुम्ही कंटाळून म्हणालात, मंग एक बंद करून पाहू. मी विचारलं, कोणती? पलीकडं एवढी शांतता पसरली, की मीच घाईघाईनं म्हणालो, कॅप्सूल, कॅप्सूल. ठरलं. तुम्ही कॅप्सूल थांबवल्या. काही महिन्यांनी रक्त तपासायचं आणि वाद मिटवायचा.

तपासायचं राहिलं. तुम्ही त्याआधीच गेलात. कशानं गेलात ते इथं लिहीत नाही, ज्यांना माहीत हवं त्यांना माहीत आहे. पण हृदयानं नाही, तुपानं नाही, हळदीनंही नाही, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. दोनदा, कारण मी दोनदा विचारलं. तुमच्या हातावर ओतलेली ती धार रोज डोळ्यांपुढं येत होती. तिसऱ्यांदा विचारायला गेलो तर मीनलनं मला धरून बाहेर नेलं.

त्या रात्री फोन वाजला नाही. मी गोळी तळहातावर धरून बसलो. सुमननं गिलास भरून समोर ठेवला आणि स्वतःही समोरच बसली, माझा कंठ हलेपर्यंत. आता रोज बसते.

वाद तसाच राहिला, आणि खरं सांगू, मला त्यात बरंच वाटतं. मिटला असता तर एक तर तुम्ही जिंकला असता किंवा मी, आणि आपल्याला दोन्ही सोसलं नसतं. माझं वजन थोडं उतरलं आहे. जिन्यावर धाप कमी लागते. मीनलच्या मुलीला शाळेतून आणायला परवा चालत गेलो, ती माझ्यापुढं पळत होती आणि मी तिच्या मागं, कितीतरी वर्षांनी कोणाच्या तरी मागं. हे सगळं तुमच्यामुळं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. फोनवर सांगायला गेलो असतो तर तुम्ही 'बरं' म्हणून फोन ठेवला असता, म्हणून धीर झाला नाही.

तेरवीच्या दिवशी संध्याकाळी, माणसं पांगल्यावर, कुसुमताई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसलो. मला तुमच्या तोंडचं माझ्याबद्दलचं काहीतरी ऐकायचं होतं. चांगलं काहीतरी, जे तुम्ही मला कधी म्हणाला नसता. मी विचारलं, इहीनबाई, इवाई घरात माझ्याबद्दल काय म्हणत होते? त्यांनी पदरानं डोळे पुसले, बराच वेळ आठवलं आणि म्हणाल्या,

"म्हणत, माणूस लाखाचा हाय. फक्त त्याले त्याच्या अकलेच्या भरोशावर सोडू नोका."